हाय-रेस फाइल आहे, मग आवाज अडतोय कुठे?

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. प्रश्न साधारण असा असतो : "हाय-रेस गाणी डाउनलोड केली, घरी ॲम्प्लिफायर आहे, स्पीकर आहेत, स्क्रीनवर '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' असं झळकतंय. पण फरक काही जाणवत नाही. आता काय विकत घेऊ?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. लगेच काहीच घेऊ नका. फाइलपासून तुमच्या कानापर्यंत एक साखळी असते. तिची जी कडी कच्ची, तिथे आवाज मार खातो. आणि बहुतेक घरांत ती कच्ची कडी म्हणजे फाइल नसते. चला, आज एकेक कडी तपासू.

आधी हे आकडे समजून घेऊ

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी सीडी बाजारात आणली. तिचा हिशोब १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद. नियम असा आहे की जितक्या वेळा नोंद, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पकडता येतात. म्हणजे सीडीवर साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंत. माणसाचा तरुण, निरोगी कान ऐकतो जेमतेम २० पर्यंत, आणि वय वाढतं तसा तोही आकडा खाली येतो.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. इंटरनेटवर एक चित्र फिरतं : सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा आणि हाय-रेसचा गुळगुळीत. प्रत्यक्षात असं नसतं. डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग, म्हणजे डॅक, दोन्ही वेळा सलग, गुळगुळीत लहरच बाहेर काढतो.

आता बिट. सर्वात बारीक आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर किती सांभाळता येतं, ते बिट ठरवतात. १६ बिटला सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटला कागदावर सुमारे १४४. आपल्या घरात पंखा, फ्रिज, खालचा रस्ता धरून शांत म्हणावी अशी वेळसुद्धा ३० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे ऐकताना १६ बिटसुद्धा पुरून उरतात.

मग २४ बिट हा सगळा बनाव का? नाही. स्टुडिओत त्यांचा खरा उपयोग आहे. गायिका अचानक तार सप्तकात जोरात गेली तर आवाज फाटू नये म्हणून रेकॉर्डिस्ट पातळी खाली ठेवतो. नंतर ती वर उचलली तरी २४ बिटमध्ये खरखर वर येत नाही. ही सोय रेकॉर्डिंग करणाऱ्याची आहे.

आणि अभ्यास काय सांगतात? २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी ५५४ वेळा चाचणी घेतली. हाय-रेस आवाज एकदा थेट, एकदा सीडीच्या दर्जातून काढून. ऐकणाऱ्यांची बरोबर उत्तरं जवळपास निम्मी. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ राइस यांनी असे १८ अभ्यास एकत्र तपासले. तिथे बरोबर उत्तरं निघाली सुमारे ५२ टक्के, आणि ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांची त्याहून जास्त. म्हणजे फरक असलाच तर फार बारीक आहे. त्याच्या आधी साखळीत मोठमोठी भगदाडं आहेत, ती बुजवू.

पहिलं भगदाड : ब्लूटूथ

साधं गणित. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा ४,६०८. फ्लॅकसारख्या फॉरमॅटमध्ये तो काहीही न गमावता बराच लहान होतो, पण ब्लूटूथवरून फ्लॅक जातच नाही. फोन ती फाइल उलगडतो आणि नव्याने दाबून पाठवतो. एलडॅक या त्यातल्या दणकट पद्धतीची मर्यादा ९९० किलोबिट, आणि सिग्नल कमजोर झाला की ती ३३० पर्यंत उतरते. साध्या एसबीसीमध्ये तर साधारण ३२८. आयफोन एएसी वापरतो, एलडॅक नाहीच.

म्हणजे स्क्रीनवर '१९२' लिहिलंय ते फाइलबद्दल आहे. स्पीकरपर्यंत काय पोचलं, त्याबद्दल नाही. ब्लूटूथ वाईट आहे असं मी म्हणत नाही. भांडी घासताना मीही तेच लावतो. पण हाय-रेसचे पैसे भरून ब्लूटूथवर ऐकणं म्हणजे हापूस आणून त्याचं सरबत करून पिणं.

मग जोडायचं कसं?

सोपा रस्ता वायरचा. फोनच्या यूएसबी-सीला एक छोटा डॅक, म्हणजे ते बोटभर डोंगल. त्यातून वायर थेट ॲम्प्लिफायरला. घरी बाबांचा किंवा काकांचा जुना ॲम्प्लिफायर माळ्यावर पडला असेल तर तो खाली काढा. चालू स्थितीत असेल तर तो आजही उत्तम काम देतो. मागे लाल-पांढऱ्या खाचा दिसतील. 'ऑक्स', 'लाइन', 'टेप' किंवा 'सीडी' लिहिलेल्या खाचेत वायर लावा. 'फोनो' लिहिलंय तिथे अजिबात नको. ती खाच रेकॉर्ड प्लेयरसाठी असते. तिथे आवाज कित्येक पटींनी वाढवला जातो आणि त्याचा तोलही बदलला जातो, त्यामुळे आवाज फाटतो. वायर लावताना ॲम्प्लिफायर बंद, सुरू करताना त्याचा आवाज शून्यावर. मग फोनचा आवाज जवळपास पूर्ण वाढवायचा आणि पुढचं कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरून.

एक छुपी गोष्ट. अँड्रॉइड फोन बहुतेक वेळा सगळे आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झवर आणतो, म्हणजे व्हॉट्सॲपचं 'टिंग'सुद्धा त्यातच मिसळता येतं. हे टाळायचं असेल तर यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रोसारखं ॲप थेट डॅकशी बोलतं. अँड्रॉइड १४ पासून सिस्टिममध्येही तशी सोय आलीय, पण ॲप आणि फोन दोघांनी ती वापरायला हवी.

फोन गुंतवून ठेवायचा नसेल तर वायफायचा रस्ता आहे. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, त्यावर व्हॉल्युमिओ किंवा मूड ऑडिओ टाकायचं, डॅक जोडायचा. गाणी पेन ड्राइव्हवर, आणि फोन नुसता रिमोट.

सर्वात मोठं भगदाड फुकटात बुजतं

खोली! फरशी गुळगुळीत, भिंती कोऱ्या, खिडकीला काच. अशा हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'टिंग्ग' असा झणकार आला तर तोच झणकार प्रत्येक गाण्यावर चढतोय. सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा, पुस्तकांचं कपाट समोरच्या भिंतीला असू द्या. पुन्हा टाळी वाजवून बघा.

मग स्पीकर. कोपऱ्यात ठेवले की खालचे स्वर फुगतात आणि तबल्याचा डग्गा घुमतच राहतो. भिंतीपासून हातभर पुढे आणा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं, यांचा समभुज त्रिकोण करा. उंच आवाज काढणारा छोटा गोल भाग कानाच्या उंचीवर हवा. एक स्पीकर शोकेसमध्ये आणि दुसरा फ्रिजवर असेल, तर १९२ किलोहर्ट्झ तुमचं काही भलं करू शकत नाहीत.

आणि मूळ रेकॉर्डिंग?

२००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला. सीडीवर आवाज इतका ठासून भरला होता की ड्रम फाटत होते. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्येही होती, कमी दाबलेली. चाहते म्हणाले, गेममधली गाणीच जास्त चांगली वाजतायत! फॉरमॅटपेक्षा मास्टर मोठा, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडचं बघा. गौहर जान यांनी १९०२ मध्ये कोलकात्यात रेकॉर्डिंग केलं. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कलाकार मोठ्या कर्ण्यात गात. त्या तबकड्यांची २४ बिट, ९६ ची प्रत करणं योग्यच आहे, कारण खरखर साफ करायला आणि जपून ठेवायला ती बरी पडते. पण जे वरचे स्वर कर्ण्याने पकडलेच नाहीत, ते कुठला आकडा परत आणणार? बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकताना आपण ज्याला दाद देतो, ती त्या तीन मिनिटांतली गायकी असते.

आता स्वतःच्या कानांनी ठरवा

एक चांगली हाय-रेस फाइल घ्या, जिच्यात तंबोरा स्पष्ट आहे. कॉम्प्युटरवर तिचीच १६ बिट, ४४.१ ची प्रत करा. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. मित्राला न सांगता आलटून-पालटून लावायला सांगा. प्रत्येक वेळी त्याने नाणं उडवून ठरवावं आणि तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून बसावं. १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आली तर मानलं, कारण नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते.

मग हेच १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीशी करून बघा. तंबोऱ्याची जवारी ऐका. तारेखालच्या त्या सुतामुळे सुरातून सुरांचं जाळं उमटतं, ते थोडं धुरकट झालं का? तबल्याची किनार बोथट झाली का? हा फरक तुलनेने लवकर सापडतो.

तर क्रम लक्षात ठेवा. आधी चांगलं रेकॉर्डिंग, मग खोली आणि स्पीकरची जागा, मग स्पीकर, मग वायरने जोडलेला साधा डॅक. फाइल सीडीच्या दर्जाची फ्लॅक असली तरी भरपूर झालं. हाय-रेस त्याच किमतीत मिळत असेल तर खुशाल घ्या, पण त्यासाठी पगारातला पहिला हप्ता लावू नका.

हा एपिसोड तुम्ही इअरबड्सवर ऐकत असाल, तर आता ते काढा. सतरंजी अंथरा, स्पीकर पुढे ओढा आणि एखादा ख्याल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका, मधे फोन न बघता. १६ पैकी किती आले ते कमेंटमध्ये नक्की लिहा. कमी आले असतील तरी लिहा, तेवढे पैसे वाचले समजा! भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.