मनुष्यबळ कोणाच्या हजेरीपटावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा सारांश)



कारखान्यातील मनुष्यबळ विभागाचे नाव निघाले की कामगार चळवळीतील कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते. मालकाचे कटू निर्णय गोड शब्दांत कळविणारे खाते अशी त्याची ख्याती आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु हे खाते कशासाठी जन्माला आले आणि त्या हेतूपासून आज किती दूर गेले, हे पाहिल्यावाचून त्याच्यावर केलेली टीका वरवरची ठरते.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांची भरती व्यवस्थापक करीत नसे, जॉबर करीत असे. गिरणीत तो मुकादम, वस्तीत सावकारापाशी शब्द टाकणारा मध्यस्थ, गावाकडून आलेल्या माणसाचा आश्रयदाता आणि त्याच्याच भाकरीवर सत्ता गाजविणारा धनी. कामावर घेणे, रजा देणे व काढून टाकणे त्याच्या हाती असल्यामुळे कामगाराला पावलोपावली दस्तुरी मोजावी लागे. स्त्री-कामगारांच्या खात्यांत हेच राज्य नायकिणीचे असे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात शिफारस केली की, भरती व बडतर्फी जॉबरच्या हातून काढून घ्यावी आणि त्यासाठी व्यवस्थापकाच्या थेट हाताखाली कामगार अधिकारी नेमावा. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली. ठरावीक बदली कामगारांना कार्डे द्यायची आणि रोजच्या रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले.

यामागे मालकवर्गाच्या हृदयाला फुटलेला पाझर नव्हता. १९२८ चा मुंबईतील गिरण्यांचा सार्वत्रिक संप सहा महिने चालला होता आणि कामगाराचे गाऱ्हाणे लाल बावट्याकडे जाण्यापूर्वी ऐकून घेणारा माणूस मालकालाही हवा होता. तरीसुद्धा या बदलाचे मोल कमी लेखता येणार नाही. लहरीच्या जागी नियम आला, तोंडी हुकुमाच्या जागी नोंद आली. ज्याचे नाव कारखान्याच्या दप्तरात चढले त्याला प्रॉव्हिडंट फंड, भरपगारी रजा, ग्रॅच्युइटी हे हक्क म्हणून मागता येऊ लागले. माणसांच्या व्यवस्थापनाचे खरे ऐतिहासिक कार्य हेच होय.

नंतर शब्द बदलले. कल्याण अधिकाऱ्याचा सेवकवर्ग अधिकारी झाला. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रो या कंपनीने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र पद्धती बसविली. १९८५ मध्ये केंद्र सरकारने शिक्षण खात्यालाही हेच नाव दिले आणि ते २०२० पर्यंत टिकले. माणूस ही खर्चाची बाब नसून वाढविण्याजोगी संपत्ती आहे, हा यामागील विचार प्रामाणिकपणे घेतला तर समाजवाद्यांनी त्याचे स्वागतच करावे. प्रशिक्षण, बढतीचे निकष, कामाचे न्याय्य मूल्यमापन या गोष्टी कामगाराच्याही हिताच्या आहेत. प्रश्न एवढाच की, ही संपत्ती कारखान्यातील किती माणसांना मानले जाते?

संघटित कारखानदारीतील दर १० कामगारांपैकी सुमारे ४ आज कंत्राटी आहेत, असे सरकारची वार्षिक औद्योगिक पाहणीच दाखविते. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत दोघे उभे असतात. एकाच्या प्रशिक्षणाची फाइल मनुष्यबळ विभागात असते, दुसऱ्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत असते. पुष्कळ ठिकाणी त्याचा व्यवहार कच्च्या मालाप्रमाणे खरेदी खात्यातून होतो. जॉबरला गिरणीच्या दारातून बाहेर काढण्यासाठी जे खाते निर्माण झाले, त्याच्याच डोळ्यांदेखत जॉबर ठेकेदाराच्या वेषात परतला आहे. त्याच्यापाशी आता संगणक आहे, पण भाकरीवरची सत्ता तीच आहे.

कायद्याने एका हाताने दिले व दुसऱ्या हाताने घेतले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्या ५०० वरून २५० वर आणली आणि नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले. परंतु कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी, ज्या १९७० च्या कायद्यानुसार २० कामगारांपासून लागू होत, त्या आता ५० पासून लागू होतात. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे, पण तिला अपवादही भरपूर आहेत.

याला पर्याय नाही असे म्हणणाऱ्यांनी माथाडी कामगारांकडे पाहावे. टोळीवाल्याच्या मर्जीवर पोट भरणाऱ्या या माणसांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. कामगार, मालक व शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ कामगारांची नोंदणी करते, मजुरी मंडळामार्फत मिळते, आणि मालकांकडून घेतलेल्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, रजा व औषधोपचार यांची सोय होते. मंडळांचे दोष अनेक आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण माणसांचे व्यवस्थापन ही मालकाची खाजगी मिरास नव्हे, हे त्यांनी सिद्ध केले.

तेव्हा कार्यकर्त्याने मनुष्यबळ विभागाच्या दारावर केवळ घोषणा देऊन परतू नये, आत जाऊन दप्तर मागावे. कंत्राटी कामगाराला नेमणूकपत्र मिळाले काय? ठेकेदाराने वेतन थकविले तर ते मुख्य मालकाने द्यावयाचे असते, ते दिले जाते काय? २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत मालक व कामगार यांच्या समान प्रतिनिधित्वाची तक्रार निवारण समिती हवी. तिच्यापुढे कंत्राटी कामगाराचे गाऱ्हाणे येते काय? आणि हे प्रश्न कायम कामगारांच्या संघटनेनेच प्रथम विचारले पाहिजेत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे नाव आपल्या सभासद-नोंदीत नसेल, तर ते मालकाच्या हजेरीपटावर का नाही, हे विचारण्याचा नैतिक अधिकार तिला कोठून मिळणार?