पुन्हां कामावर रुजू होतांना



कर्करोगाचा उपचार संपवून माणूस घरीं परतला म्हणजे संकट टळलें, असें आपण समजतों. नवस फेडले जातात, पेढे वाटले जातात. पुढें एके दिवशीं तो कामावर रुजू होतो आणि तेथें त्याची निराळीच परीक्षा सुरू होते. आजचे दोन शब्द त्या परीक्षेविषयीं आहेत.

या रोगावरील औषधें तीव्र असतात. रोग हटला तरी त्यांचे परिणाम कित्येकदां महिनोगणती रेंगाळतात. रात्रभर झोप घेऊनही न जाणारा थकवा हा त्यांतला मुख्य. कांहींच्या बोटांचीं टोकें बधिर होतात. मग सदऱ्याची गुंडी लावणेंही जड जातें. बाहेरून यांतलें कांहींच दिसत नाहीं. केस उगवतात, चेहरा भरतो, आणि सहकारी म्हणतात, "आतां अगदीं पूर्वीसारखे दिसतां हो!"

येथेंच आपली चूक होते. कोणी त्याला पूर्ववत् समजून पहिल्याच आठवड्यांत सर्व भार त्याच्या माथीं टाकतो. कोणी दयेपोटीं त्याच्या मेजावरील कामें गुपचूप दुसरीकडे नेतो. ही दुसरी चूक अधिक जिव्हारीं लागते. आपण आतां निरुपयोगी ठरलों, असाच अर्थ तो त्यांतून काढतो.

क्रिकेटपटु युवराजसिंग यांनीं २०१२ सालीं अमेरिकेंत उपचार घेतले आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते चेन्नईस न्यूझीलंडविरुद्ध पुन्हां मैदानावर उतरले. त्यांनीं ३४ धावा काढल्या. सामना भारतानें एका धावेनें गमावला. पण त्यांच्यावर विश्वास टाकून त्यांना खेळविलें गेलें, हें मला महत्त्वाचें वाटतें. कचेरींतील कारकुनासाठीं टाळ्या वाजविणारे प्रेक्षक नसतात. त्याला हा विश्वास तरी मिळावा.

इंग्लंडमध्यें २०१० च्या समानता कायद्यानें कर्करोगाच्या निदानापासूनच नोकरदारास संरक्षण मिळतें. आपल्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या यादींत या रोगाचें नांव नाहीं; स्वरयंत्र काढावें लागून वाचा कायमची गेली, तर मात्र त्याचा आधार मिळूं शकतो. म्हणून पुष्कळसें वरिष्ठांच्या समजूतदारपणावरच अवलंबून राहतें. त्यांनीं त्यालाच विचारावें, "तुम्हांला किती झेपेल?" आरंभीं अर्धा दिवस काम, तपासणीच्या दिवशीं रजा, दुपारीं घटकाभर विश्रांति, आणि महिन्याभरानें पुन्हां हीच विचारणा. त्यानेंही संकोच सोडून खरें तें सांगावें.

उपचारांत खर्चलेली पुंजी भरून काढण्यासाठीं माणूस कामावर परततो, हें खरें. पण 'रुग्ण' हें नांव टाकून आपण पुन्हां आपल्या कामानें ओळखले जावें, ही त्याची ओढ त्याहून मोठी असते. उद्यां असा कोणी आपल्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला, तर त्याचें काम त्याला द्या, आणि तें करावयास पुरेसा वेळही द्या.