आदेश आहे, यादी आहे. नाक्यावर कोण आहे?



आज बोलायचं आहे प्रवासबंदीविषयी. अण्वस्त्रांच्या प्रसाराशी संबंध असलेल्या माणसांवर संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद जी बंदी घालते, ती. बातम्यांत आपण 'निर्बंध लादले' एवढंच ऐकतो. ते विमानतळावरच्या खिडकीपर्यंत पोहोचतात कसे, हे क्वचितच कोणी सांगतं.

पहिला प्रश्न असा, की माल अडवायचा सोडून माणूस का अडवायचा? कारण ही विद्या खोक्यातून जाते त्याहून सहज डोक्यातून जाते. अब्दुल कादीर खान नेदरलँड्समध्ये नोकरीला होता. १९७५ च्या अखेरीस तो पाकिस्तानात परतला, आणि सेंट्रिफ्यूजचं तंत्र त्याच्याबरोबर गेलं. पुढे तेच तंत्र इराण, लिबिया आणि उत्तर कोरियापर्यंत पोहोचलं.

आता आदेश बघू. फौजेत आम्ही आदेशातलं क्रियापद आधी वाचतो. 'लक्ष ठेवा' आणि 'अडवा' यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. इराणविरुद्धचा ठराव १७३७ डिसेंबर २००६ मध्ये आला. त्यात यादीतल्या माणसांबाबत देशांनी दक्ष राहावं आणि ते आले-गेले तर समितीला कळवावं, एवढंच होतं. मार्च २००८ च्या ठराव १८०३ मध्ये काही जणांसाठी 'प्रवेश रोखा' हे शब्द आले. जून २०१० च्या ठराव १९२९ ने आधीच्या याद्यांतली माणसंही त्यात घातली. क्रियापद बदलायला साडेतीन वर्षं लागली.

उत्तर कोरियाचं उलट झालं. ऑक्टोबर २००६ मध्ये त्यांनी पहिली अणुचाचणी केली आणि पाच दिवसांत ठराव १७१८ आला. त्यात क्रियापद कडक होतं, पण यादीत माणसाचं एकही नाव नव्हतं. पहिली पाच नावं जुलै २००९ मध्ये आली. नाका उभा केला, पण पकडायचं कोणाला हे शिपायाला सांगितलंच नाही, अशातली गत.

नाव आल्यावर काय होतं? सुरक्षा परिषदेची समिती ते यादीत घालते. इंटरपोल विशेष नोटीस काढून ते देशोदेशींच्या पोलिसांना कळवते. पण सुरक्षा परिषदेकडे स्वतःचा एकही इमिग्रेशन अधिकारी नाही. प्रत्येक देशाला आपल्या कायद्यातून हे उतरवावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी १९४७ चा संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) कायदा आहे. त्याखाली केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढतं. मग व्हिसा देणारा दूतावास आणि विमानतळावरचा इमिग्रेशन विभाग नाव तपासतात.

खरी कसोटी इथे लागते. कोरियन किंवा फारसी नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिता येतं. किम आडनावाची माणसं लाखोंनी आहेत. जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक यादीत नसेल, तर खरा माणूस निसटतो आणि त्याच नावाचा निरपराध प्रवासी तासन् तास बाकावर बसतो. म्हणून यादीत नाव असणं पुरेसं नाही, त्यापुढचा तपशील भरलेला हवा.

शिवाय यादी नेहमी होऊन गेलेल्या गोष्टींची असते. पेक चांग-हो हा उत्तर कोरियाच्या उपग्रह नियंत्रण केंद्राचा प्रमुख. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्यावर बंदी आली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने २०१६ मध्ये नोंदवलं, की हा आपल्या देहरादूनच्या अंतराळ-शिक्षण केंद्रात शिकून गेलेला होता. तो शिकला तेव्हा बंदी नव्हतीच. पण आज कोणाला कुठल्या वर्गात बसवतो, याचा विचार आजच करावा लागतो, एवढं त्यातून घ्यावं.

बंदीला मुभाही असते. औषधोपचार, धार्मिक कर्तव्य अशा कारणांसाठी समिती परवानगी देऊ शकते. कोणत्याही देशाला स्वतःच्या नागरिकाला घरी येण्यापासून रोखण्याची सक्ती नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकला उत्तर कोरियाचे चोए ह्वी आले. त्यांच्यावर बंदी होती. दक्षिण कोरियाने समितीकडे रीतसर सूट मागितली, समितीने दिली. काहींना ही पळवाट वाटली. मला तो नियमाचा विजय वाटतो, कारण शत्रूच्या माणसालाही दार उघडताना त्यांनी परवानगीचा कागद हातात ठेवला.

याउलट जुलै २०१५ मध्ये इराणचे जनरल कासिम सुलेमानी बंदी असताना मॉस्कोला जाऊन आल्याच्या बातम्या आल्या. अमेरिकेने रशियाकडे विषय काढला. पुढे काही झालं नाही. जो ठराव मंजूर करतो त्याच्याच दारातून माणूस आत गेला, तर जाब कोणी विचारायचा?

जाब विचारणारी यंत्रणाही आता दुबळी झाली आहे. उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञ गटाची मुदतवाढ रशियाने मार्च २०२४ मध्ये नकाराधिकार वापरून रोखली, आणि एप्रिलअखेर तो गट बंद झाला. इराणवरची प्रवासबंदी ऑक्टोबर २०२० मध्ये संपली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जुने निर्बंध परत लागू झाले, पण रशिया आणि चीन ते मानत नाहीत. म्हणजे एकच माणूस एका विमानतळावर अडेल आणि दुसऱ्यावर त्याचं स्वागत होईल.

मग बंदी निरुपयोगी आहे का? नाही. नाक्याने सगळे चोर पकडले जात नाहीत. पण नाका आहे म्हटल्यावर चोराला आडरस्ता धरावा लागतो. त्याचा वेळ जातो, पैसा जातो, खोटी कागदपत्रं करावी लागतात, आणि त्यातच तो सापडण्याची शक्यता वाढते. अणुकार्यक्रमाच्या बाबतीत वाटाघाटींना मिळालेली दोन-चार वर्षंही मोलाची असतात.

तेव्हा पुढच्या वेळी 'निर्बंध लादले' अशी बातमी ऐकलीत, तर तीन गोष्टी विचारा. आदेशात क्रियापद कोणतं आहे? यादीत नावं किती आणि तपशील किती? आणि न पाळणाऱ्याला विचारणारं कोणी उरलंय का? तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच ती बंदी समजा. नाहीतर तो नुसता कागद.