दारू सुटल्यानंतर

फणसवाडीसारख्या भागात चाळीतल्या एखाद्याची दारू सुटली, की ती बातमी सगळ्या मजल्यांवर पोचते. कुणी गळ्यात माळ घातलेली असते, कुणी तौबा केलेली असते, कुणी उपचार केंद्रात राहून आलेला असतो. घरात आनंद असतो. आणि ज्याच्यामुळे हा आनंद, तो मात्र गॅलरीच्या कठड्याला टेकून गप्प. रात्री झोप नाही, छातीत धडधड, अन्नावर वासना नाही. मग सगळे विचारतात, ‘आता सुटली ना? मग चिंता कसली?’

याचे उत्तर त्याच्याकडे नसते. वर्षानुवर्षे दारूला सरावलेला मेंदू ती थांबताच बिथरतो. हात कापतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. कधी झटके येतात, भ्रमही होतो. म्हणून रोज खूप पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करणे धोक्याचे. हा जोर काही दिवसांत ओसरतो, उदासी काही आठवडे रेंगाळते. पुष्कळांची महिन्याभरात निवळते. काहींची निवळत नाही. ती दारूच्या आधीपासूनचीही असू शकते. तीच विसरायला पहिला ग्लास उचललेला असतो. अशा उदासीवर व्यसनाबरोबरच उपचार व्हायला हवेत. नाहीतर माणूस पुन्हा ग्लासाकडे वळतो, किंवा त्याला जगणेच नकोसे होते.

हे महाराष्ट्राला नवे नाही. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगरने मुंबई-पुण्यातली तरुण पोरे ओढून नेली. लोक तिला ‘गर्द’ म्हणत. शब्द फारसी, अर्थ धूळ. अनिल अवचटांचे त्यावरचे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले आणि १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. ते घडवणाऱ्या डॉ. अनिता अवचट मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची सुरुवात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात झाली. व्यसन आणि मन यांचा उपचार एकाच छपराखाली, हे तिथे आरंभापासून होते.

आपल्या घरांत मात्र व्यसनमुक्तीचे कौतुक होते आणि उदासीची गोळी लपवली जाते. ‘ही दुसरी नशाच’ म्हणून ती बंदही केली जाते. नैराश्यावरच्या गोळ्यांची दारूसारखी तल्लफ लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरे. म्हणून कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि त्यांना व्यसनाचा पूर्वेतिहास सांगून.

गिरगावातून नायर आणि जेजे रुग्णालये लांब नाहीत, परळला केईएम आहे. तिन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची मोफत सेवा मिळते.

तेव्हा गॅलरीत गप्प उभ्या असलेल्या माणसाला ‘चिंता कसली?’ असे विचारू नका. ‘झोप लागली का?’ एवढेच विचारा. लागत नाही म्हणाला, तर सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा.