विजेची गाडी घेण्याआधी आपले किलोमीटर मोजा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचे पहिले पैसे हातात आले, की तालुक्याच्या गावी गाड्यांच्या दुकानांसमोर मांडव पडतात. आता तिथे मोटारसायकलींच्या शेजारी बॅटरीच्या स्कूटरही उभ्या असतात. पोरे घरी येऊन सांगतात, ‘बाबा, पेट्रोलचा खर्चच नाही.’ बाप म्हणतो, ‘रस्त्यात बंद पडली तर ढकलत कोण आणणार?’ दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

कोणत्या कंपनीची गाडी घ्या, हे आम्ही सांगणार नाही. हिशेब कसा मांडायचा, तेवढे सांगू.

बैल घेताना आपण काय बघतो? रंग आणि शिंगे बघून पैसे मोजत नाही. दात बघतो, औताला जुंपून बघतो. ओढ किती, दम किती आणि वैरण किती, या तीन गोष्टींवर सौदा ठरतो. विजेच्या गाडीलाही हेच तीन प्रश्न विचारायचे.

त्याआधी एक शब्द समजून घ्या. बॅटरीवर ‘किलोवॅट-तास’ असे लिहिलेले असते. तुमच्या वीजबिलात ज्याला युनिट म्हणतात, तेच हे. तीन युनिटची बॅटरी म्हणजे पूर्ण भरल्यावर तिच्यात तीन युनिट वीज मावते. तीन हॉर्सपॉवरचा पंप तेवढी वीज तासाभरात खाऊन टाकतो. स्कूटर त्याच विजेवर ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर जाते. बॅटरी केवढी, हे आता डोळ्यांसमोर आले असेल.

ओढ

विजेची मोटार जागेवरून निघतानाच पूर्ण जोर लावते. त्यामुळे दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर गाडी अशी उडी घेते, की माणूस तिथेच भुलतो. पण आपल्याला उडी नको, सतत ओढ हवी. जाहिरातीत मोटारीचा सर्वात मोठा आकडा देतात. तो आकडा थोडा वेळच टिकतो. सतत किती जोर मिळतो, तो आकडा वेगळा असतो आणि लहान असतो. तो विचारून घ्या. ७४६ वॅटचा एक हॉर्सपॉवर होतो, हे पंपामुळे तुम्हाला ठाऊकच आहे.

पंचवीस किलोमीटर वेगाच्या, परवाना आणि नोंदणी न लागणाऱ्या ज्या स्कूटर मिळतात, त्यांची मोटार अडीचशे वॅटच्या आतली, म्हणजे एका हॉर्सपॉवरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ती गावातल्या गावात ठीक आहे. नवरा-बायको आणि ४५ किलोचे युरियाचे पोते घेऊन चढ चढणे हे तिचे काम नाही.

दुसरे, चाके बघा. स्कूटरची चाके लहान, मोटारसायकलची मोठी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत लहान चाक लवकर रुतते. शेतापर्यंत डांबर नसेल तर गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. आणि चाचणी घ्यायची ती आपल्या रस्त्यावर, दोन माणसे बसवून, बॅटरी निम्म्यावर असताना. बॅटरी उतरत गेली, की बऱ्याच गाड्या आपोआप जोर कमी करतात. भरलेल्या बॅटरीवर ते दिसत नाही.

दम

एका चार्जिंगमध्ये १२० किलोमीटर असे पत्रकावर लिहिलेले असते. हा आकडा खोटा नसतो, तपासणीच्या ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो. पण त्या तपासणीत आपला चढ नसतो, समोरचा वारा नसतो, मागे बसलेले माणूस नसते. वेग चाळीसचा साठ केला, की वाऱ्याचा विरोध दुपटीहून जास्त होतो आणि वीज त्या मानाने जास्त जाते.

म्हणून १२० चे वापरात ८५ धरा. ही झाली नव्या गाडीची गोष्ट. बॅटरी वापराने आणि वयाने थकते. काही वर्षांनी ८५ चे ६५ होतात. त्यातले दहा किलोमीटर अडीअडचणीला राखून ठेवा. उरले ५५. म्हणजे कागदावरच्या आकड्याच्या जेमतेम निम्मे.

हिंगणघाट ते वर्धा पस्तीस-चाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन पंचाहत्तर. नवी गाडी हे अंतर काढेल, पण चौथ्या वर्षी वर्ध्यात दोन तास प्लग शोधावा लागेल. अकोला ते वाशीम ऐंशीच्या आसपास. तिथे हा विचारच सोडा. उलट शेत, गाव आणि बाजार मिळून तीस-चाळीस किलोमीटरच्या आत ज्याचे काम भागते, त्याने दमाची काळजी करू नये.

साध्या चार्जरवर तीन युनिटची बॅटरी भरायला चार-पाच तास लागतात. गावात रात्री वीज सलग किती तास असते आणि दाब किती असतो, हे दुकानदाराला ठाऊक नसते, तुम्हाला असते. ते हिशेबात धरा.

वैरण

आता पैशाचे बोलू. हिशेबासाठी मोटारसायकल रस्त्यावर येईपर्यंत ८५,००० रुपयांना आणि तीन युनिटची स्कूटर १,१५,००० रुपयांना पडते असे धरू. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील तर ते घाला, रीत हीच. फरक ३०,००० रुपयांचा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे जवळजवळ चार क्विंटल कापूस. कोरडवाहू एकराचे हे एक पीक झाले.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला ५५ किलोमीटर धरले, तर किलोमीटरला एक रुपया नव्वद पैसे पडतात. वीज घरच्या मीटरवर १० रुपये युनिट धरली आणि चार्जरमध्ये वाया जाणारी वीज सोडून युनिटला २५ किलोमीटर धरले, तर ४० पैसे पडतात. किलोमीटरमागे दीड रुपया वाचला. इथपर्यंत जाहिरात खरी आहे.

पण हा दीड रुपया गाडी चालली तरच वाचतो, आणि तीस हजार आजच मोजावे लागतात. तीन घरे घेऊ.

पहिला शेतकरी रोज १० किलोमीटर फिरतो. वर्षातले तीनशे दिवस धरले तर ३,००० किलोमीटर. वाचले ४,५०० रुपये. तीस हजारांवर बारा टक्क्यांनी व्याज ३,६०० रुपये. हाती राहिले नऊशे. त्याचे जादा पैसे फिटायच्या कितीतरी आधी बॅटरी नुसत्या वयाने म्हातारी होईल. त्याने आपली जुनी मोटारसायकल चालवावी.

दुसरा रोज २५ किलोमीटर फिरतो. वर्षाला ११,२५० रुपये वाचतात. व्याज धरून तीन-चार वर्षांत पैसे फिटतात. त्याला ही गाडी परवडू शकते.

तिसरा दूध घालतो, भाजी विकतो, रोज ६० किलोमीटर होतात. वर्षाला २७,००० रुपये वाचतात. सव्वा वर्षात पैसे वसूल. मात्र पैशाचा फायदा ज्याला सर्वात जास्त, दम कमी पडण्याची अडचणही त्यालाच सर्वात आधी येते. दुपारी घरी येऊन चार्जिंग करता येत असेल, तरच त्याचे जमेल.

आणि हा सगळा फायदा खर्च करून टाकू नका. बॅटरी आज ना उद्या बदलावी लागेल. तिची किंमत ४५,००० आणि आयुष्य ६०,००० किलोमीटर धरले, तर किलोमीटरमागे ७५ पैसे झाले. वाचलेल्या दीड रुपयातले निम्मे बॅटरीच्या नावाने बाजूला ठेवावे लागतात. ज्याने ते ठेवले नाहीत, त्याला बॅटरीच्या दिवशी पुन्हा कर्ज. म्हणून हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि बॅटरी किती उतरल्यावर लागू होते, हे लेखी घ्या.

अनुदानाकडे बघून सौदा करू नका. दुचाकीला केंद्राचे अनुदान २०२१ च्या जूनपासून युनिटमागे १५,००० रुपये होते. २०२३ च्या जूनपासून १०,००० झाले, २०२४ च्या एप्रिलपासून ५,००० आणि २०२५ च्या एप्रिलपासून २,५००. उतरत्या अनुदानावर घरचा हिशेब उभा राहत नाही. अनुदान नाही असे धरून गाडी परवडते का, ते बघा.

आणखी एक. शेतीपंपाला बिल येत नाही, मग गाडी तिथेच लावू, असे काहींच्या मनात येते. पंपाची जोडणी पंपासाठी आहे. मंजूर कामाखेरीज ती वापरली, तर २००३ च्या वीज कायद्यातल्या १२६ व्या कलमाखाली अनधिकृत वापराची आकारणी होते. घरच्या मीटरच्याच दराने हिशेब करा.

घर सांभाळा

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांनी बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. या नियमांत बसणारीच गाडी घ्या. स्वस्तात जोडून दिलेली, नाव-गाव नसलेली बॅटरी घेऊ नका. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, तास-दोन तास सावलीत निवू द्या. पाण्याने नाही, वाऱ्याने. प्लगला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या.

आणि मायबहिणींनो, हे तुम्ही लक्षात ठेवा. कापूस विकला जाईपर्यंत आपल्या घरात, पडवीत भरलेला असतो. बाहेर कडब्याची गंजी असते. ज्या खोलीत कापूस आहे तिथे, किंवा गंजीच्या आडोशाला, चार्जर लावायचा नाही. एका ठिणगीत वर्षाचे पीक जाईल.

आता कामाचे. आज घरी गेल्यावर गाडी घेण्याचे ठरवू नका आणि न घेण्याचेही ठरवू नका. एक वही घ्या. महिनाभर रोज रात्री आपल्या मोटारसायकलचे किलोमीटर लिहा. सर्वात लांबची फेरी कोणती, त्याखाली रेघ मारा. किती वेळा दोघे होता, किती वेळा पोते होते, तेही लिहा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. आपण सगळे मिळून गावागावाचा हिशेब मांडू. मग ज्याला परवडते त्याने घ्यावी. ज्याला परवडत नाही, त्याने पोराला वही दाखवून सांगावे.