चाळीस पावलं

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

ताईंनी मला विचारलं, कशावर बोलणार? मी म्हटलं, संडासावर. त्या म्हणाल्या, "बरं झालं, बाजारपेठेत बायकांसाठी मुतारी नाही, त्यावर बोलायलाच हवं." मी म्हटलं, "नाही ताई, त्यावर बोलणाऱ्या आहेत. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून बायकांनी मोहीम चालवली, ती आपण ऐकून आहोत. मी घरातल्या संडासाबद्दल बोलणार आहे. आमच्या मोरीत मी संडास बांधून घेतला, त्याबद्दल." ताई गप्पच झाल्या. तुम्हाला हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर येणार नाही.

मी शिवणकाम करते. भाषणाची सवय नाही. जे झालं ते तसंच सांगते.

आमचं घर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात, जुन्या गावठाणात आहे. पुढे ओटा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे मोरी. मोरी चांगली आठ फूट बाय सहा फूट. तिथे हौद, बंब, धुण्याचा दगड, भांड्यांची जागा. पुढे त्यातच वॉशिंग मशीन आलं. अंघोळी तिथेच, लेकरांना न्हाऊमाखू घालणं तिथेच, पाळीचे कपडे धुणंही तिथेच. घरातल्या बाईचा अर्धा जन्म मोरीत जातो. मोरीला मागचं दार, दारापलीकडे परस, आणि परसाच्या पार टोकाला संडास. मधे चाळीस पावलं. मी मोजलेली आहेत.

१९९१ साली लग्न होऊन मी या घरात आले. नव्या सुनेनं हातात डबा घेऊन परसातून जायचं म्हणजे शेजारच्या दोन गच्च्यांवरून दिसायचं. दिवसातून किती वेळा जाणार? मग मी पाणी पिणंच कमी केलं. संध्याकाळी चारनंतर घोटसुद्धा घ्यायचा नाही, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. प्यायलेलं पाणी घेऊन रात्री पावसात जायचं कुठे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लाज वाटली.

घरातल्या पुरुषांना मात्र या चाळीस पावलांचा कधी त्रास झाला नाही. लघवीला त्यांना परसाची कुठलीही भिंत चालायची. सकाळी एकदा संडासला गेले की दिवसभर दुकान, शेत, बाजार. संडास लांब आहे ही अडचण त्यांना अडचण म्हणून दिसलीच नाही. यात दुष्टावा होता असं मी म्हणत नाही. ज्याला चालावं लागत नाही तो अंतर मोजत नाही, एवढंच.

२०१७ च्या श्रावणात पहाटे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, परसातल्या शेवाळावर घसरल्या. मनगट मोडलं, कमरेला मार बसला. सहा आठवडे अंथरुणावर. नवऱ्यानं लगेच परसात दिवा लावला, वाटेच्या कडेला नळीचा कठडा केला. त्याच्या मनानं प्रश्न सुटला. पण सहा आठवडे आत्याबाईंचं भांडं कोण उचलणार? मी. दिवसातून चार-पाच वेळा ते भांडं झाकून, तीच चाळीस पावलं चालत, टोकाला नेऊन ओतायचं, धुवायचं, परत आणायचं.

एक दिवस मी भांडं घेऊन निघाले तेव्हा आत्याबाई अंथरुणावरून म्हणाल्या, "आता तुला कळलं असेल, ती कशी नेत होती." मी विचारलं, "ती कोण?" त्या गप्प झाल्या. मग रात्री सांगितलं.

१९६२ साली त्या लग्न होऊन आल्या तेव्हा परसाच्या टोकाला टोपलीचा संडास होता. त्याच्यामागून एक बोळ जायचा. त्या बोळाला सगळं गाव जातीचं नाव लावून हाक मारायचं. ते नाव मी इथे घेत नाही. रोज सकाळी एक बाई त्या बोळातून यायची, मागची फळी उचलून टोपली काढायची आणि डोक्यावरून घेऊन जायची. पावसाळ्यात टोपली गळायची. आत्याबाईंनी बावीस वर्षं तिला पाहिलं. नाव विचारलं नाही. सणाला शिळं-ताजं वरून टाकलं. १९८४ साली आमच्याकडे सेप्टिक टाकी झाली आणि ती बाई यायची बंद झाली.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला चाळीस पावलांचा अर्थ लागला. आमचा संडास परसाच्या टोकाला का? वास येतो म्हणून, हे एक कारण. खरं कारण असं की तो साफ करणाऱ्या बाईचं पाऊल आमच्या घराला लागू नये. तिच्यासाठी मागचा बोळ, म्हणून संडास बोळाला चिकटून. ते अंतर विटाळानं आखलं होतं. टोपली गेली, टाकी आली, तरी अंतर तिथेच राहिलं आणि ते घरातल्या बायका चालत राहिल्या. माझे सहा आठवडे आणि तिचा सगळा जन्म यांची तुलना होत नाही, हे मला कळतं. मी माझ्या माणसाचं केलं. तिच्यावर ते जातीनं लादलं होतं. पण दोघींच्या वाटा एकाच भिंतीला येऊन थांबत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी घरात सांगितलं, मोरीत संडास बांधायचा.

सगळ्यात मोठा विरोध आत्याबाईंचाच. "जिथं भांडी घासायची तिथं हे? पलीकडं चूल, त्याच्या पलीकडं देव!" नवरा म्हणाला, "एक संडास आहे की. लोकांकडं तोही नाही." ते काही खोटं नव्हतं. स्वच्छ भारत योजनेत २०१४ पासून बारा हजार रुपये मिळत होते, पण ते ज्यांच्याकडे संडासच नाही त्यांना. आमची नोंद 'आहे' अशी. चाळीस पावलांसाठी कागदावर रकाना नसतो.

मी वाद घातला नाही. आत्याबाईंना एवढंच विचारलं, "भांडं तुमच्या खाटेखाली ठेवते ते चालतं. ते माजघरातून आणि स्वयंपाकघरातून, देवासमोरून नेते ते चालतं. मग दार लावलेल्या संडासात, जिथे पाणी ओतलं की सगळं निघून जातं, तिथे विटाळ कसा?" त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दार माझ्या बाजूला उघडू दे."

आता बांधकामाचं सांगते, कारण आपण हक्काचं बोलतो आणि पाइपचं गवंड्यावर सोडतो. मग तो म्हणेल ते खरं मानावं लागतं.

पहिली गोष्ट जागेची. संडासाला तीन फूट बाय चार फूट जागा पुरते. आठ बाय सहाच्या मोरीतला एक कोपरा आम्ही घेतला. स्वयंपाकघराच्या भिंतीचा नाही, परसाकडच्या भिंतीचा. भिंत बाहेरची असली की पाइप सरळ भिंतीतून बाहेर काढता येतो, जमीन फार उकरावी लागत नाही. धुण्याचा दगड काढला, मशीन सरकवलं. मधे विटांची भिंत घातली. वर झरोका ठेवला.

दुसरी गोष्ट वासाची. आपण म्हणतो घरात वास येईल. भांड्याखाली जो वाकडा पाइप असतो, त्यात दोन इंच पाणी कायम साचून राहतं. ते पाणीच झाकण. वास आणि किडे त्याच्यापलीकडे राहतात. फरशीवरच्या जाळीखालीही तसाच पाण्याचा ट्रॅप हवा, नाहीतर संडास चांगला असून जाळीतून वास येतो. आणि हवेचा पाइप छताच्या वर न्यायचा.

तिसरी गोष्ट उताराची. टाकी जुनीच, परसाच्या टोकाला. चार इंची पाइपला दर मीटरला अडीच सेंमी उतार धरला. चाळीस पावलं म्हणजे चोवीस मीटर. म्हणजे साठ सेंमी, दोन फूट उतार. आमचा परस मागे उतरता आहे म्हणून जमलं. जिथे पाइप वळतो तिथे चेंबर, म्हणजे तुंबलं तर उघडून बघता येतं. मोरीचं साबणाचं पाणी या पाइपात सोडलं नाही. मशीनचं एवढं पाणी टाकीत गेलं तर आतला मैला कुजायच्या आत बाहेर ढकलला जातो. ते पाणी शोषखड्ड्याला आणि केळीला.

चौथी गोष्ट दाराची. दार बाहेर उघडणारं. म्हातारं माणूस आत पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर त्याच्याच अंगानं दार अडतं. गुडघे वाकत नव्हते म्हणून बसायचं कमोड आणि हाताला धरायला भिंतीत पक्का दांडा.

गवंडी म्हणाला, "वहिनी, एवढं खणण्यापेक्षा मोरीच्याच गटारीला जोडू. पैसे वाचतील." नवरा लगेच तयार. ती गटार उघडी आहे आणि खालच्या वस्तीतल्या दारांसमोरून जाते. तिथल्या बायका त्या गटारीच्या काठावर भांडी घासतात. माझी चाळीस पावलं वाचवून मी ती घाण त्यांच्या उंबऱ्यावर सोडायची का? मग टोपलीत आणि त्यात फरक काय? मी म्हटलं, खणा.

आणि टाकी भरली की उपसायला यंत्राची गाडी बोलवायची. माणूस आत उतरवायचा नाही. कोरड्या संडासांना १९९३ च्या कायद्यानं बंदी केली, आणि संरक्षणाची साधनं न देता माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलं. तरी टाकीतल्या वायूनं माणसं मरतात. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतःच्या हातानं केलं, देहूत डॉ. मापुस्करांनी सगळी डॉक्टरकी संडासासाठी लावली. आपल्याला निदान एक फोन करून गाडी बोलावता यावी.

पैसे? अठ्ठेचाळीस हजार लागले. घर नवऱ्याच्या नावावर. तो म्हणाला, आत्ता नाही. मी बचत गटातून तीस हजार उचलले, बाकीचे शिवणाचे. कर्जाच्या कारणापुढे 'घरदुरुस्ती' लिहिणार होते. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "संडास असंच लिहा." लिहिलं. पुढच्या दोन वर्षांत गटात तोच शब्द आणखी तिघींनी लिहिला. चौथीला जमलं नाही. ती भाड्याच्या खोलीत राहते आणि मालक परवानगी देत नाही. तिचा प्रश्न माझ्या गोष्टीनं सुटत नाही, तो आपल्या सगळ्यांचा आहे.

२०१८ च्या जानेवारीत काम झालं. आत्याबाई २०२२ साली गेल्या. शेवटच्या महिन्यापर्यंत त्या भिंतीला धरून स्वतः जाऊन येत होत्या. भांडं पुन्हा खाटेखाली ठेवावं लागलं नाही. एकदा मला म्हणाल्या, "तिचं नाव विचारायला हवं होतं." मी नंतर त्या वस्तीत चौकशी केली. ते घर गाव सोडून गेलेलं होतं.

आता त्या चाळीस पावलांवरून मातीखालून पाइप जातो. मी चार वाजल्यानंतरही पाणी पिते. नवराही रात्री मोरीतल्याच संडासात जातो, आणि रविवारी तो घासतो. ही अट बांधायच्या आधीच घातली होती.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या घरात अंथरुणापासून संडासापर्यंत किती पावलं आहेत, ती मोजा. सासूची मोजा, गरोदर सुनेची मोजा. आणि ते अंतर कुणी ठरवलं, हे घरात मोठ्यानं विचारा. पुढच्या बैठकीला आकडे घेऊन या.