मधुमेह, रक्तदाब आणि हृदय

(सावनेर येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मधुमेह आता आपल्या ज्ञातीतील कोणत्याही घराला अपरिचित राहिलेला नाही. पंगतीत जिलबीला हात आडवा करणारे गृहस्थ ठायी ठायी आढळतात. तेच गृहस्थ पापड-लोणचे मात्र पुन्हा मागून घेतात! साखरेचा धाक सर्वांना आहे, रक्तदाबाचा फारच थोड्यांना.

मधुमेहात रक्तवाहिन्यांचे अस्तर आधीच दुखावलेले असते. त्यावर वाढलेला दाब अहोरात्र आदळू लागला, म्हणजे हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे या तिहींवर संकट ओढवते. शिवाय नसा बधिर झालेल्या मधुमेह्यास हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. केवळ दम लागतो, घाम सुटतो.

विलायतेत रक्तदाब असलेल्या ११४८ मधुमेह्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाचा सरासरी दाब १५४/८७, दुसऱ्याचा १४४/८२. एवढ्याशा फरकाने दुसऱ्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी व मधुमेहजन्य मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. परंतु आमच्या मते खरी विचार करण्याजोगी गोष्ट २००८ साली पुढे आली. प्रयोग संपल्यावर दोन वर्षांतच दोन्ही गटांचा दाब सारखा झाला, आणि मिळालेला लाभही ओसरला. साखर आरंभापासून आटोक्यात ठेवल्याची पुण्याई पुढे वर्षानुवर्षे उरली. दाबाच्या औषधाची पुण्याई अशी साठत नाही. ती रोजची रोज मिळवावी लागते.

आपल्याकडे मात्र बरे वाटले की गोळी सुटते. संत्र्यांची तोड किंवा कापसाची वेचणी सुरू झाली, की संपलेली गोळी आणण्यास कोणास सवड नसते. आपल्या शेजारच्या भंडारा व वर्धा जिल्ह्यांत भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम प्रथम सुरू झाला, तेव्हा मोजक्याच ठरलेल्या गोळ्या घराजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळाव्यात यावर भर होता, तो यासाठीच.

मधुमेह्याचा दाब साधारणतः १३०/८० च्या आत असावा. लघवीतून प्रथिने जात असल्यास टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांना प्राधान्य देतात. त्या मूत्रपिंडांनाही जपतात. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा वा तंबाखू घेऊ नये. वृद्धांना उठताना भोवळ येत असल्यास गोळी आपल्या मनाने बंद करू नये. उभ्याने दाब मोजून डॉक्टर मात्रा बदलून देतात.